प्रधानाचा उजवा हात

आमच्या ओर्नेबोर्गच्या किल्ल्यात प्रधानांचं दालन आहे, आणि त्या दालनातल्या एकाही प्रधानाचा उजवा हात त्याच्या जिवंतपणी रंगवायचा नसतो. हे आधीच सांगून टाकते. कारण बाहेरगावचं कुणी आलं की शेवटच्या चित्रापुढे थांबतं नि मला विचारतं, "बाई, याचा हात रंगवायचा राहिला का?" राहिला नाही, ठेवलाय. माणसाला प्रधानकी मिळाली की त्याच वर्षी त्याचं चित्र भिंतीवर चढतं. चेहरा, दाढी, गळ्यातली शिक्क्याची साखळी, डावा हात, सगळं नीट रंगवलेलं असतं. उजव्या हाताच्या जागी मात्र फळीवर नुसती खडूची रेघ. तो कसा गेला हे कळलं की मग हात भरायचा.

भरायचे प्रकार तीन. प्रधानकीत असतानाच आपल्या बिछान्यात गेला, तर हात पुस्तकावर. राजाने काढून टाकला किंवा तो आपणच पळाला, तर मेल्यावर हातात रिकामा हातमोजा. आणि तिसऱ्या प्रकारात हात रंगवायचाच नाही, त्या जागेवरून काळा झगा ओढून घ्यायचा. तिसरा प्रकार केव्हा होतो ते आमच्याकडे कुणी तोंडाने बोलत नाही. अमक्याला झाकला, एवढंच म्हणतात. कुऱ्हाड, ओंडका वगैरे शब्द मी चांगल्या घरात कधी ऐकले नाहीत.

माझ्या सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या हे हात भरत आली. माझा नवरा डिटलेव रंगवतो, मी रंग घोटते, तेल उकळते आणि नोव्हेंबरातल्या मॉर्टेनच्या सणाआधी दालनातली सगळी चित्रं शिळ्या पावाच्या गराने पुसून काढते. त्या दिवशी राजा तिथे हंसाचं जेवण घेतो, तेव्हा त्याच्या पूर्वजांच्या प्रधानांवर धूळ दिसून चालत नाही. त्यामुळे ही मंडळी मला घरच्यांसारखी पाठ आहेत. पहिला तो बुढा नील्स. त्याला तीनेकशे वर्षं झाली असतील. पत्त्यातल्या राजासारखा ताठ, एक डोळा वर, एक खाली. ज्याने काढला त्याने माणसाचं नाक कधी जवळून पाहिलं नसावं. पण हात पुस्तकावर आहे, सुटला बिचारा. त्याच्या शेजारी लालबुंद गालांचा बिशप, हातमोजावाला. मग एकाच राजाच्या वेळचे तिघे ओळीने झाकलेले. त्या राजाला लोक अजून 'कनवाळू' म्हणतात, का ते देवाला ठाऊक. पुढे गळ्याभोवतीच्या चुणीदार पट्ट्या वाढत जातात, जात्याच्या तळीएवढ्या होतात, नि मुंडकी त्यावर ताटात वाढल्यासारखी दिसतात. तिथे पाव फिरवताना मी आजही वर बघत नाही.

आणि दालनाचा एक नियम आहे. तिथे एकदा रंगलं ते पुसायचं नाही. राजानेसुद्धा नाही. एक झाकलेला प्रधान पुढे निर्दोष निघाला. त्याच्या मुलांना जमिनी परत मिळाल्या, चर्चमध्ये त्याच्यासाठी घंटा वाजली, पण हात काही झग्याबाहेर आला नाही. लोक कागदावर ठेवणार नाहीत एवढा भरवसा त्या भिंतीवर ठेवतात.

त्या वर्षी भिंतीवरचं शेवटचं चित्र माझ्या मामाचं होतं.

एस्किल्डमामा खेड्यातल्या पाद्रीबाबाचा मुलगा. साथीत माझे आईबाप एकाच आठवड्यात गेले आणि मामाने मला घोड्यावर पुढ्यात बसवून घरी आणलं. लग्न केलं नाही. वाचायला शिकवलं, हट्ट पुरवले, मी चित्रकाराशी लग्न करते म्हटल्यावर हसला आणि म्हणाला, "बरं झालं, निदान माझा हात घरचा माणूस भरेल." अमीर-उमरावांच्या डोळ्यांत तो कायम सलायचा. पाद्र्याचं पोर, आणि राजाच्या उजव्या बाजूला बसतं. पण मामाला फिकीर नव्हती, कारण आताच्या राजाला त्याने लहानपणापासून शिकवलं होतं. राजा त्याला अजून गुरुजीच म्हणायचा.

दर वर्षी मॉर्टेनच्या जेवणाआधी मामा आपल्या चित्रापुढे उभा राहायचा, खडूची रेघ बघायचा आणि डिटलेवला म्हणायचा, "अजून रिकामाच आहे रे. म्हणजे आज हंस खायला हरकत नाही." आम्ही हसायचो.

त्या साली पानगळ सुरू झाली आणि राजाच्या डोक्यात स्वीडनवर चालून जायचं आलं. हुकूम लिहून झाला. पण आमच्याकडे प्रधानाचा शिक्का बसल्याशिवाय लढाईचा हुकूम निघत नाही. मामाने शिक्का लावायला नकार दिला. भर सभेत. "धान्य कोठारात नाही, बर्फ दाराशी आलंय. ही पोरं स्वीडिश गोळीने नाही मरणार महाराज, उपाशी मरतील," असं म्हणाला. उमराव टपून बसले होते, आता राजा भडकणार म्हणून. राजा भडकला नाही. "ठीक आहे गुरुजी," म्हणाला, आणि मामाच्या खोकल्याची चौकशी केली.

मला हे कळलं तेव्हाच वाटलं, भडकला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाचं एक बरं असतं, त्याचं ओरडून होतं.

मग किल्ल्यातून आमच्याकडे एक पिशवी आली. राजाच्या खास नोकराने आणून दिली. डिटलेवने तोंड सोडलं तर आत काळा रंग. हाडं जाळून करतात तो, सगळ्यात खोल काळा. तो महाग असतो आणि आम्ही तो एकाच कामाला वापरतो. नोकर म्हणाला, "महाराज म्हणाले, हिवाळ्यात बोटी बंद होतात. चित्रकारांना रंगाची अडचण व्हायला नको."

डिटलेव तिथेच स्टुलावर बसला.  मी पिशवी उचलली आणि चुलीमागे टाकली, पण टाकून काय होणार होतं.

त्याच दुपारी मामा जेवायला आला. वाटाण्याचं सार, काळा पाव, खारवलेले हेरिंग मासे. मी पिशवी त्याच्यापुढे आणून ठेवली. त्याने बोट बुडवलं, काळं बोट उजेडात धरलं, आणि म्हणाला, "उत्तम माल आहे. पोराला मी चांगल्या वस्तूंची पारख शिकवली होती."

"मामा, थट्टा पुरे," मी म्हटलं. "तू लावून टाक शिक्का."

"नाही लावणार."

"मग पळ. ल्युबेकला जा. तिथे तुझे ओळखीचे आहेत. मी बोट बघते."

"म्हणजे हातमोजा," मामा म्हणाला. "तुझ्या नवऱ्याने माझ्या हातात रिकामा हातमोजा द्यायचा, आणि दोनशे वर्षांनी कुणीतरी पोरगी पावाने माझं तोंड पुसताना म्हणणार, हा पळपुटा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "म्हणू दे की. तिला काय कळतंय? मला तू जिवंत पाहिजेस. चित्रात कसा दिसतोस त्याच्याशी मला काय करायचंय?"

मामा हसला. मग सार ढवळत, अगदी सहज विचारल्यासारखं डिटलेवला म्हणाला, "काय रे, दालनात एकदा रंगलं ते कुणालाच पुसता येत नाही ना? राजालासुद्धा?"

"नाही," डिटलेव म्हणाला.

"कधीच नाही?"

मी चमचा खाली ठेवला. मामाच्या डोक्यात काय शिजतंय ते मला ओळखू येतं, त्याच्या हाताखाली वाढलेय मी. "मामा," मी म्हटलं, "जिवंत माणसाचा हात भरत नाहीत."

"मी कुठे काय म्हणालो?" मामा म्हणाला. "पाव दे."

मी मूर्ख नव्हते, पण मला वाटलं, बोलून दाखवलं म्हणजे विषय संपला. मला बोटीची घाई होती. किल्ल्याच्या धक्क्यावर तर राजाची माणसं बसलेली, तिथून मामाला नेणं शक्यच नव्हतं. खाली किनाऱ्याने गेलं की कोळ्यांची वस्ती लागते, तिथे बेर्टेल नावाचा ओळखीचा तांडेल होता. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी निघाले. बेर्टेल समुद्रात होता, परत येईपर्यंत अंधार पडला, म्हणून त्याच्याच घरी मुक्काम केला. तो तयार झाला. मॉर्टेनच्या दिवशी जेवणं झाली की सगळा किल्ला सुस्तावतो, तेव्हा मामाला फिरायच्या निमित्ताने खाली आणायचं, आणि वारा मिळाला की शीड उभारायचं. मला इतकं हलकं वाटलं की परतीच्या वाटेवर मी चक्क गुणगुणत होते.

सणाच्या सकाळीच मी परतले, घरून पावाची टोपली उचलली आणि सरळ दालनात गेले. नील्सपासून सुरुवात करायची माझी पद्धत. पण आत पाऊल टाकलं आणि तेलाचा वास आला. ताज्या तेलाचा. दालनात असा वास फक्त कुणी मेल्यावर येतो.

मामाचा उजवा हात पुस्तकावर होता.

सुरेख हात होता, हे मी आजही म्हणेन. पेन धरून अंगठ्यावर पडलेला घट्टा, बोटावरचा शाईचा डाग, सगळं मामाचं. डिटलेवने आयुष्यात एवढा चांगला हात रंगवला नव्हता. तो खिडकीत उभा होता, माझीच वाट बघत.

"काय केलंस हे?" मी विचारलं.

"मामांनी सांगितलं," तो म्हणाला. "तू गेलीस आणि ते आले. म्हणाले, पुस्तक एकदा रंगलं की महाराजांना मला झाकता येणार नाही. पुसायचं तर नाही. वरून झगा ओढला तरी ते पुसणंच झालं. आणि हातात पुस्तक असताना मला ओंडक्यावर नेलं, तर दालन खोटं ठरतं. एक चित्र खोटं ठरलं की त्यांच्या पणजोबापर्यंत सगळी भिंत खोटी. तेवढं धाडस महाराज करणार नाहीत. सिडसेल, मला पटलं ते. तुलाही पटलं असतं."

"मला पटलं नसतं म्हणूनच तर मी जायची वाट बघितली त्याने. अरे, भरलेला हात म्हणजे काय? तुझ्या बापाने, आज्याने हात कधी भरले?"

 हुशार माणसाच्या नादी लागलेला साधा माणूस डिटलेव. त्याच्यावर चिडून काय उपयोग होता? तरी मी चिडले, वाट्टेल ते बोलले. मग टोपली फेकली आणि चित्राला हात लावला. तेल चिकट लागेल असं वाटलं होतं. लागलं नाही. लवकर सुकावं म्हणून त्याने तेलात शिशाची भुकटी उकळली होती. मीच करून ठेवलेलं तेल होतं ते. वर साय धरली होती, खाली अजून ओलं असणार. खरवडलं तर निघालं असतं.

"सुरी दे," मी म्हटलं.

"सिडसेल, दालनात पुसत नाहीत."

"दालनात जिवंत माणसाला मारतही नाहीत. सुरी दे."

त्याने रंगाची सुरी दिली. मी अंगठ्याच्या टोकापासून सुरुवात केली. नखाएवढा रंग निघाला असेल नसेल, तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाई, ती सुरी खाली ठेवा."

किल्ल्याचा कारभारी हेनिंग. सोबत दोन नोकर, हातात टेबलावरच्या चादरी. हेनिंग वाईट माणूस नव्हता. माझ्या लग्नात नाचला होता तो. त्याने चित्राकडे पाहिलं, मग हाताकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"हेनिंगदादा, तुम्ही काही बघितलं नाही," मी म्हटलं. "मी तुमच्या पाया पडते. थोडा वेळ द्या."

"मी एकट्याने बघितलं असतं तर दिला असता," तो म्हणाला. दोन्ही नोकर आधीच दाराबाहेर गेले होते. बातमी वर पोचायला किती वेळ लागतो आमच्या किल्ल्यात?

मी मामाला शोधायला धावले. तो चर्चमध्ये राजाच्या शेजारीच बसलेला होता, तिथून थेट जेवायला आला. मला त्याच्याजवळ जाताच आलं नाही. चित्रकाराच्या घरच्यांना त्या दिवशी दाराजवळच्या बाकावर जेवण मिळतं. आम्ही दोघं तिथे बसलो. बाहेर धुकं इतकं दाट होतं की दिवसाढवळ्या मेणबत्त्या लावल्या होत्या. मामा दालनात शिरला, आपल्या चित्राकडे बघितलं, आणि माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला. जुगारात चांगली पानं आलेल्या माणसासारखा खूश होता तो. मी मान हलवली, नको, नको, अशी. त्याला वाटलं मी रागावलेय.

राजा बसला. हंस आले. राजाने पहिला घास घेतला, रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाला, "गुरुजी, हात सुंदर झालाय."

सगळ्यांचे चमचे थांबले.

"चित्रकार गुणी आहे, महाराज," मामा म्हणाला.

"या दालनात रंगलेलं पुसत नाहीत, हे तुम्हीच मला शिकवलंत. मी सात-आठ वर्षांचा असेन. त्या नील्सपाशी उभं करून."

"आठवतंय, महाराज."

"आणि राजाने दालन खोटं पाडू नये, हेही."

"तेही आठवतंय," मामा म्हणाला. त्याच्या आवाजात अजून धीर होता. "महाराजांनी ते लक्षात ठेवलं याचा आनंद आहे."

"मी तुमचं सगळंच लक्षात ठेवलंय," राजा म्हणाला. मग हेनिंगकडे वळून, अगदी हळू आवाजात, "गुरुजींचं ताट उचला. हात भरलेला प्रधान कधी या टेबलावर जेवल्याचं मी ऐकलं नाही."

हेनिंग जागचा हलेना. दुसऱ्याच कुणीतरी ताट उचललं. मामा त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. माझ्या मामाला सगळ्यात आधी सगळं कळायचं, त्यालाच त्या दिवशी सगळ्यांच्या शेवटी कळलं. तो म्हणाला, "महाराज, मी ठणठणीत आहे."

"चित्रात तसं कुठे दिसतं?" राजा म्हणाला. "चित्रात तुम्ही प्रधान असताना आपल्या बिछान्यात गेलात. गेलात म्हणूनच हात भरलाय. नाही का? ते खरं होईपर्यंत दालन खोटं बोलतंय, आणि ते मला एक दिवसही चालणार नाही. शेजारच्या खोलीत बिछाना घातलाय. माझाच आहे, पिसांचा. तुम्हाला दिला, म्हणजे तो तुमचाच झाला."

एका उमरावाने मामाच्या गळ्यातली साखळी काढून घेतली. शिक्का राजापुढे ठेवला. लढाईचा हुकूम तिथेच टेबलावर, हंसाच्या ताटाशेजारी पडलेला होता हे मला तेव्हा दिसलं.

मी उठले. कशी चालत गेले ते आठवत नाही, राजाच्या पायाशीच पोचले. "महाराज, मला बाप नाही. हाच आहे. त्याला घालवून द्या. बोट तयार आहे, आत्ता निघेल, तुम्हाला पुन्हा तोंड दाखवणार नाही. आम्ही हातमोजा रंगवू."

राजाने मला हाताने धरून उठवलं. त्याचा हात ऊबदार होता. "हातात पुस्तक आहे, बाई," तो म्हणाला. "हातमोजा कुठे ठेवणार?"

डिटलेव मागून रडत ओरडला, की मी पुसतो, मी माझ्या हाताने पुसतो. राजा त्याला म्हणाला, "तुम्ही तर नियमच मोडायला निघालात. बसा. जेवून घ्या." मग मला म्हणाला, "तुम्ही घरच्या. चादर तुम्ही घाला."

ती खोली छोटी होती. पडदे ओढलेले. राजाचा वैद्य एका कोपऱ्यात उभा होता, दोन दांडगे नोकर दाराशी, आणि उशा जरुरीपेक्षा जास्त होत्या. मी चादर घातली. कोपरे नीट खोचले. का खोचले ते मला विचारू नका, हात आपोआप चालत होते. मामा पलंगाच्या कडेवर बसला. नोकर म्हणाला, "बूट काढा." मामाला वाकता येईना, म्हणून मी खाली बसून काढले. त्याचे पाय मी दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवले.

"अजून माफी माग त्याची," मी कुजबुजले. "शिक्का लावतो म्हण. आत्ता म्हण. मी हाक मारते त्याला."

"मेलेल्याने लावलेला शिक्का कोण मानणार, पोरी," मामा म्हणाला. "त्याला आता मी लागतच नाही. नवा प्रधान संध्याकाळपर्यंत लावेल." मग म्हणाला, "मी विचार केला होता, पोराला दालन खोटं पाडायची हिंमत होणार नाही. तेवढं बरोबर निघालं."

"मामा, मला भीती वाटतेय."

"मलापण," तो म्हणाला. "डिटलेवला बोलू नकोस. त्याला मी भरीला पाडलं. आणि तू आता बाहेर जा, हे बघू नकोस."

मी जाणार नव्हते. मी त्याच्या गुडघ्यांना मिठी मारून बसले होते. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली आणि मला उचलून बाहेर नेलं. दार लागलं. दालनात जेवण चालू होतं. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, नुसता सुऱ्या-ताटांचा आवाज येत होता, आणि डिटलेव खरंच बाकावर बसून जेवत होता, कारण राजाने सांगितलं होतं.  राजाचं फळ खाऊन व्हायच्या आत वैद्य बाहेर आला आणि त्याने मान लववली. राजा उठून उभा राहिला. मग सगळेच उभे राहिले.

मामाला सन्मानाने पुरलं. सगळ्या घंटा वाजल्या. राजा पायी चालला आणि रडला, खरोखरीचं रडला. त्याच आठवड्यात बोटी स्वीडनकडे निघाल्या आणि आमच्या गल्लीतली पोरं त्यांत होती.

सुतक होतं म्हणून आमच्याकडे चूल मंदच होती. शेजारची मारेन ताटावर फडकं टाकून हंसाचा तुकडा घेऊन आली. तिचा धाकटा बोटीवर गेला होता, तिचेही डोळे सुजलेले. माझ्याजवळ बसली, पाठीवरून हात फिरवला.

"झोपेत गेले म्हणे," ती म्हणाली. "महाराजांच्या स्वतःच्या गादीवर. सिडसेल, नशीबवान हो तुझा मामा. प्रधान होऊन बिछान्यात जाणारे त्या भिंतीवर असे कितीसे असतील?"

"फार नाहीत," मी म्हटलं, आणि तिच्या हातातलं ताट घेतलं.